गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी: पहिल्या पाच मिनिटांत काय पाहायचं

गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. गावातल्या गावात फिरवली तर काही तक्रार नाही. पण हायवेला लागून पाऊण-एक तास झाला, इंजिन चांगलं तापलं, की अचानक बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅरेजला नेली तर तिथे दिवसभर उभ्या उभ्या चालते, एकदाही बंद पडत नाही. संध्याकाळी मिस्त्री म्हणतात, "ताई, गाडीत काहीच नाही."

हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझी गाडी २००८ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची साधी हॅचबॅक. आईला तपासणीसाठी मी कराडहून पुण्याला आणते आणि दुसऱ्या दिवशी परत सोडते. त्या परतीच्या वाटेवर, खंबाटकी चढताना, गाडीने चार महिन्यांत पाच वेळा दगा दिला. एप्रिलच्या उन्हात, मागून ट्रक येत असताना, आई गाडीत आणि गाडी घाटात आडवी. त्या चार महिन्यांत टाकीतला पेट्रोल पंप नवा बसला, प्लग बदलले, प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदलली आणि शेवटी एका ठिकाणी "इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर गेलाय, अठरा हजार लागतील" असं सांगण्यात आलं. खरा दोष साडेआठशे रुपयांच्या एका सेन्सरमध्ये होता. तो सापडला तो गॅरेजमध्ये नाही, घाटातच. कारण हा आजार फक्त गाडी बंद पडलेली असतानाच दिसतो. इंजिन गार झालं की सगळा पुरावा पुसला जातो.

म्हणून पार्ट बदलत सुटण्याऐवजी, गाडी बंद पडल्या पडल्या पहिल्या पाच मिनिटांत काय बघायचं, ऐकायचं आणि लिहून ठेवायचं, ते आधी सांगते.

पण त्याआधी जिवाचं. चालती गाडी बंद पडली की स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून पंप करत बसू नका. एकदाच दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. चढावर असाल तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे दगड. बाकीच्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभं करा. मग बॉनेट उघडा. आणि तापमानाचा काटा लालमध्ये गेला असेल तर पुढचं काहीच करू नका. तो वेगळा आजार आहे: कुलंट कमी, पंखा बंद, थर्मोस्टॅट अडकलेला. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. या लेखात काटा मध्यावर आहे, इंजिन नेहमीच्याच तापमानाला आहे आणि तरीही गाडी बंद पडते, अशाच गाडीबद्दल लिहिते आहे.

कशी बंद पडली, ते आधी आठवा

गाडी एकदम बंद पडली, कुणी चावी फिरवल्यासारखी? की आधी आचके दिले, पीकअप गेला, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढेना आणि मग बंद पडली? की रस्त्यावर चांगली पळाली आणि सिग्नलला पाय काढल्यावर हळूच विझली?

या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या दिशा दाखवतात. एकदम बंद म्हणजे बहुतेक वेळा वीज: सेन्सर, रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), कॉइल, इग्निशन स्विच, अर्थिंग. आचके देत बंद म्हणजे पेट्रोल पुरत नाही किंवा धूर बाहेर जायला वाट नाही. आणि फक्त आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, विझते म्हणजे हवेचा हिशोब चुकतोय. सरमिसळ होते, पण दहातल्या आठ गाड्या या तीनपैकी एका रांगेत बसतात असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न, किती वेळाने सुरू झाली? लगेच सुरू होऊन पुन्हा सिग्नलला बंद पडत असेल तर आयडलिंगकडे बघा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडल्यावर सुरू झाली तर झाकणच गुन्हेगार. वीस ते चाळीस मिनिटांनी, म्हणजे हात लावण्याइतकं इंजिन निवल्यावर सुरू झाली, तर एखादा विजेचा भाग गरम झाल्यावर आतून तुटतोय आणि गार झाल्यावर जुळतोय.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन बंद झाल्यावर ते लगेच गार व्हायला लागत नाही. पाण्याचा पंप थांबलेला, समोरून वारा नाही, त्यामुळे इंजिनाची उष्णता सगळीकडे पसरते आणि बॉनेटखालचं तापमान पहिली दहा-पंधरा मिनिटं उलट वाढतं. चहाला थांबल्यावर "चालत होती, आता सुरूच होत नाही" असं होतं ते यामुळेच. पाच मिनिटं थांबून पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यात बॅटरी मात्र उतरते.

सेल्फ मारताना तीन गोष्टी

पहिली, कान मागच्या सीटकडे. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत चावी 'ऑन' केली, सेल्फ न मारता, की टाकीतला पंप दोनेक सेकंद 'सूंऽऽ' करून थांबतो. तो आवाज येतोय का? गाडी चांगली असताना तो एकदा ऐकून ठेवा, म्हणजे घाटात ओळखता येईल. शेजारी कुणी असेल तर मागचं दार उघडून कान लावायला सांगा.

दुसरी, डोळा आरपीएमच्या काट्यावर. सेल्फ मारताना काटा शून्यावरून जरासा, दोनशे-तीनशेपर्यंत, उचलला पाहिजे. सगळ्याच गाड्यांत उचलत नाही, म्हणून हेही चांगल्या दिवशी एकदा बघून ठेवा. ज्या गाडीत एरवी उचलतो आणि आता मेल्यासारखा पडून आहे, त्या गाडीत इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये.

तिसरी, चेक इंजिनचा दिवा. चावी 'ऑन'ला तो लागायला हवा. लागतच नसेल तर कॉम्प्युटरलाच वीज मिळत नाही: मेन रिले, फ्यूज किंवा इग्निशन स्विच बघा. चावीसोबत घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्यांचा मोठा जुडगा लटकवत असाल तर तो आजच काढा. त्या वजनाने स्विचचे कॉन्टॅक्ट झिजतात आणि खड्ड्यात गाडी बंद पडते.

माझ्या गाडीचं कोडं या दुसऱ्या गोष्टीने सुटलं. पाचव्या वेळी मी ठरवूनच बसले होते की यावेळी फक्त काट्याकडे बघायचं. तिसऱ्या गिअरमध्ये चढत होते, काटा अडीच हजारांवर. गाडी बंद पडली त्या क्षणी क्लच दाबला नाही. गाडी अजून सरकत होती, गिअरमध्ये होती, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरत असताना काटा दोन हजार, दीड हजार असा उतरत यायला हवा. तो तसा आला नाही. एका झटक्यात शून्यावर पडला. पेट्रोल संपलं असतं किंवा कॉइल गेली असती तरी इंजिन फिरत असेपर्यंत काट्याने आकडा दाखवला असता. त्या अर्ध्या सेकंदात मला कळलं की क्रँक सेन्सर.

करंटही नाही आणि पेट्रोलही नाही

क्रँकशाफ्टचा सेन्सर म्हणजे एक बारीक तारेची गुंडाळी आणि चुंबक. समोरून दातेरी चकती फिरते. अनेक गाड्यांत त्या चकतीवर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम काढलेले असतात. त्या फटीवरून कॉम्प्युटरला कळतं की पिस्टन आत्ता कुठे आहे. ही खूण आली नाही तर कॉम्प्युटर प्लगला ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पेट्रोल पंपही बंद करतो. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल सांडत राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

आता बघा घोटाळा कसा होतो. एक मिस्त्री पेट्रोलची नळी बघतो आणि म्हणतो, "पेट्रोल चढत नाही, पंप गेला." दुसरा प्लग काढून बघतो, "करंट येत नाही, कॉइल गेली." दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं. माझ्याकडे दोन्ही पार्ट याच कारणाने बदलले गेले. म्हणून बंद पडलेल्या अवस्थेत दोन्ही तपासायचं. फक्त पेट्रोल नसेल तर पेट्रोलच्या बाजूला जा. फक्त करंट नसेल तर कॉइलकडे जा. दोन्ही एकदम गेले असतील तर दोघांच्या वर जे बसलंय तिकडे जा: क्रँक सेन्सर, मेन रिले, इग्निशन स्विच, इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा).

घाटात मी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं. सेन्सर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खाली होता, हात जेमतेम पोचत होता. ओला रुमाल सेन्सरवर दाबून धरला, सुकला की पुन्हा भिजवला. सायलेन्सरच्या गरम पाइपवर पाणी उडणार नाही याची काळजी घेतली. सहा-सात मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. एरवी तिला पंचवीस मिनिटं लागायची. ही चाचणी फुकट आहे आणि मला वाटतं सगळ्यांत बोलकी आहे. संशयित भाग एकटाच गार करायचा, बाकीचं इंजिन तसंच तापलेलं राहू द्यायचं. रिलेवरही हीच युक्ती चालते, फक्त तिथे पाणी नको, रिले काढून हातात धरून निववायचा.

घरी आल्यावर सेन्सर काढला. मी तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेत काम करते, मल्टिमीटर रोजच्या हातातला. गार सेन्सरचा रोध ८६० ओहम आला. दोन तारांच्या सेन्सरला हा आकडा साधारण ५०० ते १५०० च्या दरम्यान असतो, गाडीगाडीप्रमाणे बदलतो. म्हणजे गार असताना सेन्सर निर्दोष. गॅरेजमध्येही कुणी मोजला असता तर "सेन्सर चांगलाय" असंच म्हणाले असते. मग केस वाळवायचा ड्रायर त्यावर धरला. आकडा हळूहळू चढायला लागला, ९००, ९५०, १०००. हे चढणं नैसर्गिक आहे. तांब्याची तार ६० अंशांनी तापली की तिचा रोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ८६० चे १०६० व्हायला हरकत नाही. १०४० पर्यंत आकडा आला, एकदा थरथरला आणि मीटरवर 'ओएल' उमटलं. आतली तार तुटली. ड्रायर बंद करून मी आणि आई मीटरकडे बघत बसलो. बाराव्या मिनिटाला पुन्हा १०१० उमटला. आई म्हणाली, "एवढ्याशा वस्तूसाठी मला पाच वेळा उन्हात उभं केलंस होय!" आणि मला खरोखर भरून आलं.

तुमच्या सेन्सरला तीन तारा असतील तर तो हॉल पद्धतीचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असण्याची शक्यता जास्त. त्याला ओहमवर तपासायचं नाही. त्याला ५ किंवा १२ व्होल्ट मिळतात का आणि सेल्फ मारताना सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज वरखाली होतं का, ते बघायचं.

सेन्सर नवा घेतला तरी सेन्सरची सॉकेट आणि वायर नीट बघा. वायरचं आवरण गरम पाइपला लागून वितळलेलं असलं तर नवा सेन्सरही त्याच घाटात दगा देईल. कॅमशाफ्टचा सेन्सरही असाच तापून मरतो, पण पुष्कळ गाड्या त्याच्याशिवाय कशाबशा चालत राहतात, फक्त सुरू व्हायला वेळ घेतात.

पेट्रोलच्या बाजूचे दोष

आचके देत, दम तोडत बंद पडणारी गाडी असेल तर सगळ्यांत आधी टाकीचं झाकण. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा आत यायला हवी. हवेची वाट धुळीने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा. 'फस्स' असा जोराचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर काम झालं. झाकण थोडं सैल ठेवून एकदा तेवढंच अंतर चालवून खात्री करून घ्या.

पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात ते यामुळे. झिजलेला पंप गार असताना दाब देतो, तापला की मंदावतो. बंद पडलेल्या अवस्थेत चावी 'ऑन' करून टाकीला खालून हाताने दोन-चार थापट्या मारल्यावर पंप 'सूं' करू लागला तर त्याचे ब्रश संपलेत. नक्की करायचं तर दाबाचा मीटर लावावा लागतो. साध्या एमपीएफआय गाड्यांत दाब ३ बारच्या आसपास असतो, काहींत ४ पर्यंत. मीटर काचेसमोर वायपरखाली अडकवून प्रवासाला निघायचं असं काही जण करतात. पेट्रोलची दाबाखालची नळी गाडीबाहेरच राहिली पाहिजे, केबिनमध्ये कधीही आणायची नाही. ज्याला सवय नाही त्याने हे मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. पंप बदलण्याआधी पंपाच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर पंपाचा दोष नाही, वाटेतला रिले किंवा अर्थिंग खातंय.

रिलेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो नेहमी विसरला जातो. रिलेच्या आत छोटी पट्टी असते, तिच्या झाळकामाला वर्षानुवर्षांच्या थरथरीने केसासारखी चीर पडते. तापल्यावर चीर उघडते. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा किंवा पंख्याचा. दोघांची अदलाबदल करून बघा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न गेला, तर दोष सापडला. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही.

धूर बाहेर जायची वाट बुजली, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरची धूर शुद्ध करणारी जाळी) आतून चोंदला, तरी गाडी गार असताना ठीक वाटते आणि तापल्यावर ओढत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरा. रेस दिल्यावर जोराचा झोत येण्याऐवजी नुसतं कोमट वारं आलं तर संशय घ्या. पण आधी तो का चोंदला ते शोधा. मिसिंग मारणारी गाडी तशीच दामटली की न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते.

फक्त सिग्नलला विझते

गार इंजिनाला कॉम्प्युटर जास्त हवा देतो, आयडलिंग बाराशे-पंधराशेवर ठेवतो. इंजिन तापलं की तो सातशे ते साडेआठशेवर उतरवतो. म्हणजे थ्रॉटलच्या, हवेची वाट उघडणाऱ्या, पाकळीभोवती काळा मेणचट थर साचलेला असेल, तरी सकाळी तो लपून राहतो आणि गरम झाल्यावरच उघडा पडतो. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर गाडी विझत असेल तर हेच आधी बघा. थ्रॉटल बॉडी काढून, क्लीनर कापडावर घेऊन पुसायची. ज्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, तिथे पाकळी बोटाने ढकलायची नाही, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर काही गाड्यांना आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून पहिला दिवस विचित्र वाटला तर घाबरू नका.

दुसरं, फाटलेली व्हॅक्यूमची नळी. गरम झालं की रबर सैल पडतं, चीर उघडते, हिशोबाबाहेरची हवा आत जाते. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत मला मान्य नाही, आग लागू शकते. एकेक नळी चिमट्यात दाबायची आणि आयडलिंग कुठे बदलतं ते ऐकायचं. टाकीतली वाफ इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला तरी गरम असताना गाडी विझते, आणि पेट्रोल भरल्यावर हटकून सुरू व्हायला त्रास देते. पंपावर टाकी फुल केली की लगेच असं होत असेल तर सरळ तिकडे जा.

तिसरा, तापमानाचा सेन्सर. याचा रोध गार असताना, २० अंशांना, दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८०-९० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. तो अडकला आणि इंजिन अजून गारच आहे असं सांगत राहिला, तर कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो. काळा धूर, पेट्रोलचा वास, काळे ओले प्लग आणि मायलेज पडलेलं असेल तर हा तपासा. अशा गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की बहुतेक वेळा ती सुरू होते, कारण त्या अवस्थेत बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि जास्तीचं पेट्रोल निघून जातं.

सीएनजीवाल्यांसाठी

पुणे-मुंबई पट्ट्यात गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्या सीएनजीच्या असतात आणि त्यांचा दोष इंजिनाच्या उष्णतेत नसतोच. सिक्वेन्शिअल किटची गाडी पेट्रोलवर सुरू होते, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर तापला की आपोआप गॅसवर जाते. बऱ्याच किटमध्ये हे तापमान ३० ते ५० अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. म्हणजे "दोन-तीन मिनिटं चालली, गरम झाली आणि बंद पडली" असं वाटतं, पण खरं ती गॅसवर गेली आणि बंद पडली. स्विच पेट्रोलवर ठेवून दोन दिवस चालवा. बंद पडली नाही तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि गॅस इंजेक्टर बघायचे.

उलटही होतं. वर्षभर गॅसवर चालवून टाकीत चार लिटर जुनं पेट्रोल ठेवलेलं असतं आणि पंप कोरडा फिरून मेलेला असतो. सीएनजी असली तरी पेट्रोलची टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नका आणि आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा. आणि गॅसवर बराच पल्ला झालेल्या गाडीची टॅपेट एकदा तपासून घ्या. व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचा क्लिअरन्स, म्हणजे फट, कमी झाला असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि गरम इंजिन आयडलिंगला थांबतं. हायड्रॉलिक, म्हणजे फट आपोआप जुळवणारे, टॅपेट असतील तर हा प्रश्न येत नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत वेगळाच प्रकार, नळीतच पेट्रोलची वाफ होते. पूर्वी घाट चढताना ड्रायव्हर गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं बांधायचे ते यासाठीच, आणि ज्यांच्याकडे अशी गाडी अजून आहे त्यांनी ते खुशाल बांधावं. एमपीएफआयमध्ये पेट्रोल ३ बारच्या दाबाखाली असल्यामुळे हे सहसा होत नाही. डिझेलमध्ये ठिणगीचे प्लग आणि कॉइल नाहीत, पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल गाडीत क्रँक सेन्सर आहे आणि तो असाच वागतो. त्याशिवाय डिझेलच्या नळीत हवा शिरणं आणि उघडा अडकलेला ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात वळवणारा) व्हॉल्व्ह या दोन गोष्टी आधी बघा.

स्कॅनरला काय विचारायचं

आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ (दोषाचे कोड वाचायची ठरावीक सोय) आहे, त्यामुळे मोबाइलला जोडायचं ब्लूटूथचं छोटं यंत्रही पुरतं. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३४० कॅम सेन्सर, पी ०१७१ म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, पी ०५०६ म्हणजे आयडलिंग खाली. पण कोड आला नाही म्हणून सेन्सरला निर्दोष ठरवू नका. क्रँकची खूण थांबली की पुष्कळ कॉम्प्युटरना वाटतं ड्रायव्हरने गाडी बंद केली, आणि ते काहीच नोंदवत नाहीत. माझ्या गाडीत चार महिन्यांत एकही कोड आला नव्हता. म्हणून कोडपेक्षा चालू आकडे बघा: सेल्फ मारताना आरपीएम येतो का, आणि इंजिन तापलेलं असताना कुलंटचं तापमान ८५-९५ दाखवतंय की भलतंच. गॅरेजवाल्यांना आधीच सांगा की कोड लिहून घेतल्याशिवाय उडवू नका, आणि बॅटरीची वायर काढू नका.

गॅरेजला जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगून चावी देऊ नका. एका कागदावर लिहून न्या: किती किलोमीटरनंतर, एसी चालू होता का, टाकीत किती पेट्रोल होतं, एकदम की आचके देत, पंपाचा आवाज आला का, काटा उचलला का, किती मिनिटांनी सुरू झाली. पाच वेळच्या अशा पाच ओळी झाल्या की चांगला मिस्त्री त्या वाचूनच निम्मं काम करतो. माझा कागद वाचून सेन्सर बसवणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, हे आधी का नाही आणलंत?" आधी मला काय लिहायचं तेच माहीत नव्हतं.

दुरुस्ती झाल्यावर गार गाडी गल्लीत फिरवून ताब्यात घेऊ नका. ज्या परिस्थितीत बंद पडायची तीच परिस्थिती पुन्हा द्या. मी मे महिन्यात, दुपारी दोनला, एसी लावून, एकटीने खंबाटकी चढले. वर गेल्यावर गाडी बंद करून पंधरा मिनिटं बॉनेट मिटलेलंच ठेवलं, म्हणजे सेन्सरला सगळ्यांत जास्त उष्णता लागेल. मग सेल्फ मारला. असं दोनदा केलं, आणि तिसऱ्या खेपेला आईला बसवलं. जुना सेन्सर ग्लव्ह बॉक्समध्ये, नवीन एक जादा आणि दहा नंबरचा पाना, तिन्ही एका पिशवीत ठेवलेत.